बागेतील गांधीलमाश्यांचे घर : ठेवावे की काढावे?

मुंबईत तळमजल्यावरच्या छोट्या बागेत, छज्ज्याखाली, कढीपत्त्याच्या फांदीवर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे गांधीलमाश्या घर करतात. ते दिसताक्षणी काठीला चिंधी गुंडाळून रॉकेल ओतण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. आमच्या सोसायटीत एकदा असेच झाले तेव्हा घर अर्धेच जळाले, छज्जा काळा पडला आणि काठी धरणाऱ्याच्या कानाला दोन डंख बसले.

म्हणून आधी घर कोणाचे आहे, हे दुरूनच पाहावे. भिंतीवर मातीचे लिंपण असेल, तर ते कुंभारमाशीचे काम; ती एकटी राहते आणि घरासाठी भांडत नाही, त्यामुळे ते तसेच राहू द्यावे. उंच फांदीला किंवा इमारतीच्या कडेला लटकलेले, माश्यांनी पूर्ण झाकलेले मोठे पोळे म्हणजे आग्या मोहोळ. त्याला जाणकारानेच हात लावावा. बारीक देठाला टांगलेले, करड्या कागदासारखे आणि खालून षट्कोनी कप्पे उघडे दिसणारे घर मात्र गांधीलमाश्यांचे. हा कागद त्या स्वतःच तयार करतात : जुन्या बांबूवर बसून जबड्याने तंतू खरवडतात, लाळेत मळतात आणि त्याचे कप्पे उभारतात. दुपारी सामसूम असताना ते खरवडणे कानावरही येते.

यानंतर दोन-तीन दिवस दहा-बारा फुटांवरून त्यांची ये-जा पाहावी. लिंबाच्या झाडावरची अळी पकडून, तिचा चावून गोळा करून पिलांसाठी नेणारी गांधीलमाशी दिसली, तर बागेला तिचा उपयोग काय हे वेगळे सांगावे लागत नाही. घर वाटेपासून दूर असेल आणि घरात कोणाला डंखाची ॲलर्जी नसेल, तर ते ठेवावे, असे माझे मत आहे. फक्त जवळच्या कुंड्या हलवाव्यात आणि माळ्याला तशी कल्पना द्यावी. ‘थंडीत त्या आपोआप मरतील’ हा थंड देशांतला सल्ला मुंबईत चालत नाही, कारण इथल्या हवेत वसाहत वर्षभर टिकू शकते.

घर दाराशी, जिन्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल, तर ते काढावेच. आठ-दहा कप्पे आणि एकच माशी असेल, तर ती शिकारीला गेल्याची खात्री करून लांब काठीने देठ तोडावा, जागा पुसून घ्यावी आणि आठवडाभर लक्ष ठेवावे, कारण ती पुन्हा तिथेच बांधू पाहते. याहून मोठ्या घराच्या वाटेला स्वतः जाऊ नये. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे, माश्या घरी परतल्यावर म्हणजे तिन्हीसांजेनंतर काम करायला सांगावे आणि शेजाऱ्यांना खिडक्या लावून घेण्याची आगाऊ सूचना द्यावी. झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतल्या बिळात, पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या गांधीलमाश्या शिरताना दिसल्या, तर बीळ बुजवू नये. कोंडलेल्या माश्या दुसरी वाट काढतात. पाण्याचा फवारा आणि दगड यांनीही त्या फक्त चवताळतात.

डंख झालाच, तर आधी तिथून दूर जावे, कारण गांधीलमाशीचा काटा सहसा तुटून राहत नाही आणि ती पुन्हा पुन्हा डसू शकते. हाताला डंख असल्यास सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात, जागा साबणाने धुवावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. चुना लावू नये. अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. एकाच वेळी बरेच डंख बसले असतील, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचे काही दिवस लघवीचा रंग गडद होतो का, यावर लक्ष ठेवावे, कारण अशा विषाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.