लॅपटॉपच्या कोणत्या भागाला झोपू द्यायचं? ड्रायव्हरमधली वीजबचत नीट कशी लावावी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचं एखादं दुकान. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक येतं, स्कॅनरचा लाल प्रकाश बारकोडवर पडतो, पण बिलात काहीच उमटत नाही. दुसऱ्यांदा धरलं की मात्र बरोबर येतं. थोडा वेळ स्कॅनर पडून राहिला की दर वेळी असंच होत असेल, तर नवा स्कॅनर घ्यायची घाई करू नका. बहुधा विंडोजने त्याला झोपवलेलं असतं आणि पहिला बारकोड त्याला उठवण्यातच वाया जातो.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘वीजबचतीचं सगळं बंद करून टाका’. दुकानातल्या डेस्कटॉपला तो एक वेळ चालेल. लॅपटॉपवर मात्र तसं केलं की बॅटरी भराभर उतरते. खरं तर एकेका उपकरणापुरता वेगळा विचार करावा लागतो: याला उठायला थोडा उशीर झाला तर कुणाचं अडतं का?

ही झोप-जाग ठरते एसीपीआयनुसार. संगणकाच्या भागांची वीज कशी सांभाळायची हे ठरवणारं हे मानक १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. त्यात प्रत्येक उपकरणासाठी डी-झीरो ते डी-थ्री अशा पायऱ्या आहेत. डी-झीरो म्हणजे पूर्ण जागं, डी-थ्री म्हणजे बंद. उपकरणाला खाली नेणं आणि परत वर आणणं हे त्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं काम. वर आणताना उपकरणाची मांडणी पुन्हा करावी लागते. ड्रायव्हर त्यात कमी पडला की बारकोड गळतो, वायफाय तुटतं किंवा स्पीकरमध्ये टक्क आवाज येतो. म्हणून आधी ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, चिपसेटचा (मुख्य बोर्डावरच्या चिपांचा) सुद्धा. विंडोजने आपणहून बसवलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये बचतीचे पर्याय कधी कधी अपुरे असतात.

हात लावण्याआधी मोजा

स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा. लागणारी आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: ‘पॉवर’ हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी; मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हा जोडशब्द. अहवाल कुठे साठवला ते खालच्या ओळीत येतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा २५,००० असेल तर बॅटरी निम्मी झिजली आहे. ती झीज कोणत्याही सेटिंगने भरून येणार नाही.

मग सगळे प्रोग्राम बंद करून त्याच आज्ञेत ‘बॅटरीरिपोर्ट’च्या जागी ‘एनर्जी’ लिहा आणि ६० सेकंद माउसलाही हात लावू नका. या अहवालात ‘यूएसबी सस्पेंड’ असं लिहिलेली लाल ओळ दिसली तर तिच्याखाली न झोपणाऱ्या उपकरणाचं नाव असतं. ही ओळ महत्त्वाची आहे, कारण एक यूएसबी उपकरण जागं राहिलं की प्रोसेसरलाही खोल विश्रांती घेणं कठीण होतं. पेन ड्राइव्हसारखी वस्तू उगाच लावून ठेवू नका, ते यासाठीच.

डिव्हाइस मॅनेजर

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्कॅनर बहुतेक वेळा कीबोर्डसारखा वागतो, त्यामुळे तो ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘यूएसबी इनपुट डिव्हाइस’ या नावाने दिसतो आणि तशा चार-पाच ओळी असतात. आपली कोणती? यादी उघडी ठेवून स्कॅनरची वायर काढा. जी ओळ नाहीशी होते ती आपली. वायर परत लावा, त्या ओळीवर डबल क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर जा आणि ‘अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर’ समोरची टिक काढा. व्ह्यू मेनूत ‘डिव्हायसेस बाय कनेक्शन’ निवडलं की स्कॅनर कोणत्या ‘यूएसबी रूट हब’वर (पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्या भागावर) आहे ते कळतं, त्या हबचीही टिक काढा. बाकीच्या हबना हात लावू नका. सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या स्कॅनरला, बिलाच्या प्रिंटरला हीच पद्धत. वेबकॅम, ब्लूटूथ आणि कार्ड रीडर यांना मात्र खुशाल झोपू द्या.

त्याच टॅबवर दुसरी टिक असते: ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’. ठाण्याहून पनवेलच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बॅग मांडीवर घेतली आणि ती गरम लागली, तर आधी इकडे बघा. वायरलेस माउसचा डोंगल लॅपटॉपलाच राहतो, बॅगेत माउस दबतो आणि मशीन जागं होऊ शकतं. आज्ञेत शेवटी ‘लास्टवेक’ लिहिलं की शेवटचं कोणी उठवलं ते बहुतेक वेळा समजतं. माउसची ही टिक काढा, कीबोर्डची राहू द्या.

टॅबच दिसत नसेल तर आज्ञेत फक्त ‘ए’ लिहून बघा. उपलब्ध प्रकारांत ‘एस-झीरो लो पॉवर आयडल’ आलं तर मशीन नव्या पद्धतीच्या स्टँडबायचं आहे. तिथे विंडोज यातले बरेच पर्याय लपवतं. टॅबसाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, खटपट करू नका.

पॉवर प्लॅनमधले तीन पर्याय

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बॅटरीवर चालू हवंच. स्कॅनरची टिक काढूनही त्रास राहिला तरच ते ‘प्लग्ड इन’साठी बंद करा. ‘पीसीआय एक्स्प्रेस’खालचं ‘लिंक स्टेट’ बॅटरीवर ‘मॅक्सिमम’ ठेवून बघा. एसएसडी मध्येच अडकत असेल तर ‘मॉडरेट’वर आणा.

तिसरा वायफायचा. बचत चालू असताना कार्ड झोपतं, राउटर त्याचे संदेश धरून ठेवतो आणि कार्ड ठरावीक वेळाने उठून विचारतं. राउटरचा इशारा साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकाच मजल्यावर कितीतरी राउटर असतात. गर्दीत इशारा हुकला की मीटिंगमध्ये आवाज तुटतो. बॅटरीवर ‘मीडियम’ ठेवा, मीटिंगपुरतं ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’.

लिनक्स असेल तर ‘पॉवरटॉप’ हा वीजखर्च दाखवणारा प्रोग्राम लावा, पण त्याचं ऑटो-ट्यून डोळे झाकून चालवू नका. ते यूएसबी माउसलाही झोपवतं आणि मग दोन सेकंद हात थांबला की माउस अडखळतो. उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑटो’ म्हणजे झोपू दे, ‘ऑन’ म्हणजे जागं ठेव. हा बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो. तो कायम ठेवायला ‘यूडेव्ह’चा (लिनक्समध्ये उपकरणं ओळखून लावणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहा किंवा ‘टीएलपी’ हा वीजबचतीचा प्रोग्राम वापरा. ‘टीएलपी’ आणि ‘पॉवर प्रोफाइल्स डीमन’ ही तशीच दुसरी सेवा एकाच वेळी चालवू नका, दोघं एकमेकांचं पुसतात.

एका वेळी एकच बदल करा, दिवसभर वापरा, मग पुढचा. विंडोजचं मोठं अपडेट किंवा नवा ड्रायव्हर आला की टिका परत येऊ शकतात, त्यामुळे काय काढलं ते वहीत लिहून ठेवा. आणखी एक: ज्या उपकरणाला स्वतःचा सीरियल नंबर नसतो, ते दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं की विंडोज त्याला नवंच समजतं आणि टिक पुन्हा लागते. स्कॅनरच्या पोर्टजवळ रंगीत चिकटपट्टी लावा आणि झाडलोट करणाऱ्यालाही सांगून ठेवा, की वायर निघाली तर याच भोकात परत लावायची.