इंग्रज अमदानीतला पूर्वज आणि त्याचं घर कसं शोधावं

खापरपणजोबांचं नाव घेऊन तहसील कचेरीत गेलं, तर हाती बहुधा काही लागत नाही. जुन्या दप्तरात आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘राणोजी बिन विठोजी’ म्हणजे विठोजीचा मुलगा, ‘जानकी कोम सखाराम’ म्हणजे सखारामची बायको, एवढीच ओळख. एका गावात असे दोन-तीन राणोजी सहज निघतात. म्हणून माग जमिनीचा काढावा, माणूस तिच्यामागून सापडतो. पुढची रीत मुंबई इलाख्यातल्या गावांची, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणाची. मराठवाडा निजामाकडे होता आणि विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात. तिथली दप्तरं वेगळी.

आजच्या सात-बाऱ्यावर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी, यांचे क्रमांक असतात. एकेका क्रमांकाचा उतारा, म्हणजे गाव नमुना सहा, काढत मागे जा. वारसाच्या फेरफारात कोण कधी मयत झालं आणि मागे कोण राहिलं, हे लिहिलेलं असतं. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याआधीचे फेरफार शोधू नका. संगणकावरच्या सात-बाऱ्यात जुने क्रमांक सगळे उतरलेले नसतात. हस्तलिखित सात-बाराच मागा. अनेक तालुक्यांचे असे उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, आधी तिथे पाहा.

साखळी तुटते ती गट नंबरापाशी. १९४७ च्या कायद्याखाली जिथे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर सांगून १९२० सालचा कागद मागितला, तर ‘आढळून येत नाही’ असाच शेरा मिळणार, कारण तेव्हा तो नंबरच नव्हता. तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) उतारा काढा. त्यावरून गटात कोणता जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा गेला ते कळतं. मगच तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. अर्जात मौजे (गावाचं नाव), सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार (फेरफार किंवा कडईपत्रक, म्हणजे सात-बाऱ्याआधीचं जमिनीच्या नोंदीचं पत्रक) आणि दहा-पंधरा वर्षांचा टप्पा लिहा. ‘सर्व जुने कागद मिळावेत’ असा अर्ज पडून राहतो. कागद नाही म्हणाले, तर तसं लेखी घ्या आणि माहिती अधिकारात दप्तर स्वतः पाहण्याची परवानगी मागा.

जिल्ह्यांची नावंही तपासा. आजचा रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि सिंधुदुर्गातली बरीच गावं त्याच सालापर्यंत रत्नागिरीत होती.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या १ जून या जन्मतारखेवर विसंबू नये, ती बहुतेक वेळा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते.

हे कागद अनेकदा मोडीत असतात. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. मोडी वाचून देणाऱ्याला एका ओळीचा फोटो पाठवू नका. पूर्ण पान, वरचा मथळा आणि वहीचं पहिलं पान पाठवा. गाव आणि साल कळलं की नावं लागायला सोपं जातं. इसवी सन काढायला, शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीला ७९. फसली, म्हणजे महसुली, सालात ५९० किंवा ५९१.

आता घर. गावठाणातलं घर सात-बाऱ्यावर येत नाही आणि लोक तिथेच महिनोन्महिने घालवतात. सिटी सर्व्हे, म्हणजे गावठाणाची मोजणी, झाला असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि तिच्याबरोबर चौकशी नोंदवही आवर्जून मागा. घर धारकाकडे कसं आलं, कोणता कागद दाखवला, हे तीत लिहिलेलं असतं. सिटी सर्व्हे नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. सर्वात बोलका कागद मात्र दुय्यम निबंधकाकडचं जुनं खरेदीखत किंवा गहाणखत. त्यात घर माळवदी (मातीच्या सपाट छताचं) की कौलारू, किती खणांचं (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा), आड आहे का आणि चतुःसीमा असं सगळं वर्णन मिळतं. दस्त नंबर माहीत नसेल तर नावाच्या सूचीतून शोध घ्यावा. जागेवर जाताना चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावं बाजूला ठेवा, ती माणसं कधीच बदललेली असतात. वेस, देऊळ, ओढा, बोळ यांवरून दिशा लावा आणि मग खांब मोजून खण जुळवा. भाऊवाटणी झाली असेल तर सलग वाडा दोन-तीन पत्रिकांत विभागलेला असतो. म्हणून शेजारच्या नंबरांच्या पत्रिकाही काढाव्यात.

घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. १८५२ पासून इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागवले, त्यात वंशावळी आल्या. इनाम नसलं तरी नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरचे तीर्थोपाध्याय आहेत. त्यांच्या वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात, म्हणून मूळ गाव सांगा, आजचं राहतं शहर नको. तिथे कधी कधी पूर्वजाच्या हातची सही मिळते, आणि फेरफारातली पिढी बरोबर आहे की नाही, हे त्या वहीवरून पडताळता येतं.