व्हीव्हीटी सोलेनॉइड बदलताय? आधी डिपस्टिक ओढा, मग या चुका टाळा

संध्याकाळी सात वाजता कापूरबावडीला गाडी अडकलेली. आयडलिंग खालीवर होतंय, स्टेअरिंग थरथरतंय, ब्रेक दाबून थांबलं की इंजिन बंद पडायला बघतंय, आणि मीटरमध्ये चेक इंजिनची पिवळी बत्ती. दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्कॅनर लावतो, बिघाडाचा कोड येतो पी००११, आणि निकाल लागतो: "सोलेनॉइड गेला, नवीन टाका." नवीन टाकतात. बत्ती विझते. पंधरा दिवसांत परत लागते.

ठाण्यात आमच्या सोसायटीत गेली काही वर्षं शेजाऱ्यांच्या गाड्यांची छोटीमोठी कामं मी रविवारी करतो. हा प्रकार इतक्यांदा पाहिला आहे की आता कळकळीनं सांगावंसं वाटतं: हा पार्ट बदलणं सोपं आहे, तो बदलायची गरज आहे का हे ठरवणं अवघड आहे. पैसे तिथेच वाया जातात.

आधी तो करतो काय ते बघू. व्हीव्हीटी म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा, आणि सोलेनॉइड म्हणजे तिचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. मारुतीची के सिरीज असो, टोयोटाचा व्हीव्हीटी-आय असो की ह्युंदाईचा व्हीटीव्हीटी, तत्त्व एकच. इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या (थोडक्यात कॅम) टोकाला फेजर असतो, त्यात तेलाचे कप्पे. सोलेनॉइडच्या पोटातली बारीक दांडी पुढेमागे सरकते आणि इंजिन ऑइल या कप्प्यात की त्या कप्प्यात हे ठरवते. त्या दाबाने कॅम थोडे अंश पुढे किंवा मागे वळतो. म्हणजे वीज फक्त वाट मोकळी करते, जोर तेलाचा असतो. म्हणूनच गॅरेजमध्ये याला ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, ओसीव्ही म्हणतात. हे नाव लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे कोडला निदान समजणं. पी००११ एवढंच सांगतो की इनटेक कॅम, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम, गाडीच्या कॉम्प्युटरने मागितला त्यापेक्षा पुढे आहे. पी००१२ आला तर मागे राहिला. का राहिला, हे कोड सांगत नाही. ऑइल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल, व्हॉल्व्हची तेल गाळणारी जाळी तुंबली असेल, फेजर अडकला असेल किंवा खरंच व्हॉल्व्ह गेला असेल. पी००१० वेगळा, तो विजेच्या सर्किटचा. आणि पी००१६ दिसला तर कृपा करून नुसता सोलेनॉइड बदलून गाडी परत देऊ-घेऊ नका. तो कॅम आणि क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) यांचा मेळ बसत नसल्याचा कोड आहे. सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड येत असेल, तर टायमिंग चेन सैल झाल्याचा संशय आधी घ्यायचा.

कोड लगेच पुसून टाकणं हीही चूकच. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: बत्ती लागली तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, वेग किती. मोबाइलवर फोटो काढा, मग पुसा. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत ही माहिती जाते.

आता डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. शेजारच्या काकांची सीएनजी गाडी होती, तक्रार वर लिहिलेलीच. मी म्हटलं, "काका, ऑइल कधी बदललं?" ते म्हणाले, "अरे, एकदम स्वच्छ आहे, मी परवाच बघितलं." रंग खरंच सोनेरी होता. पण सीएनजीवर काजळी कमी धरते, म्हणून ऑइल काळं पडत नाही. उष्णतेने ते खराब व्हायचं ते होतंच. आणि काकांनी पातळी बघितली होती बेसमेंटच्या रॅम्पवर, गाडीचं नाक वर असताना. सपाट जागी आणली, दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक पुसून परत घातली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. व्हॉल्व्ह काढला तेव्हा त्याच्या जाळीवर मधासारखा तपकिरी चिकट थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. क्लीनरने तो धुतला, ऑइल आणि फिल्टर बदलला, तोच व्हॉल्व्ह परत बसवला. नवीन पार्टची गरजच पडली नाही.

"किलोमीटर तर झालेच नाहीत," असं बरेच जण म्हणतात. पण ठाणे-बेलापूर रोड आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी १५ किमी धरली, तर १० हजार किमीसाठी इंजिन साडेसहाशे तासांहून जास्त चालतं. एक्स्प्रेसवेवर ताशी ७० ने तेच अंतर दीडशे तासांच्या आत संपतं. तेल तासांनी थकतं. म्हणूनच कंपन्या कठीण वापरासाठी ऑइल बदलीचा वेगळा, लवकरचा हिशेब देतात. गाडीच्या पुस्तकातलं ते पान आपल्यासाठीच आहे.

दुसरा गैरसमज, "आपल्याकडे उकाडा, जाड ऑइल टाका." पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना २०डब्ल्यू-४० टाकलं, तर फेजरच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही. कॅम उशिरा हलतो, कॉम्प्युटर कोड टाकतो आणि दोष निर्दोष सोलेनॉइडवर येतो.

वायरिंगचंही तसंच. एका पावसाळ्यात माझ्याच गाडीला पी००१० आला आणि मी थेट व्हॉल्व्ह आणला. बसवला, कोड तसाच. शेवटी टेप सोडवून हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, बघितला तर उंदराने एक वायर अर्धी कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं. पार्टचे पैसे गेले. तेव्हापासून मी आधी कपलर (व्हॉल्व्हला लागणारा वायरचा प्लग) काढून आत तेल किंवा ओल आहे का बघतो, मग व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर मीटर लावतो. बऱ्याच गाड्यांत ७ ते १२ ओहमच्या आसपास आकडा येतो, नेमका तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला धरा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, असंही होतं, म्हणून गरम असतानाही मोजा. १२ व्होल्ट देऊन बघायचं असेल तर कपलर काढून फक्त व्हॉल्व्हच्या पिनांना, क्षणभर. टक् आवाज येऊन दांडी सरकली पाहिजे. हार्नेसच्या बाजूला कधीही बॅटरी लावू नका, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे व्हॉल्व्ह असतील आणि पार्ट नंबर एकच असेल, तर अदलाबदल करून बघा. पी००११ जाऊन एक्झॉस्टचा पी००१४ आला, तर व्हॉल्व्ह खरंच खराब. कोड जागेवरच राहिला, तर नवीन पार्ट आणू नका.

बदलायचाच ठरला, तर मुख्य शत्रू कचरा. व्हॉल्व्ह बसतो त्या भोकाभोवतीची धूळ आधी हवा मारून काढा. ते भोक थेट तेलाच्या वाटेत उघडतं. त्यात कॉटन वेस्टचा एक धागा गेला तर तो नव्या व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसतो. मी सुती फडकं वापरतो, वेस्ट इंजिनजवळ आणतच नाही. जुना व्हॉल्व्ह वायर धरून किंवा प्लास्टिकच्या डोक्याला स्क्रू ड्रायव्हर लावून उपटू नका. बोल्ट काढा, धातूचा भाग धरून हलकेच डावीउजवीकडे फिरवा, मग वर ओढा. जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबराची कडी) सोबत आली का ते मोजून बघा. भोकात राहिली आणि वर नवी बसवली की गळती ठरलेली. नव्या ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावा. सिलिकॉन नको, त्याचे तुकडे आत जातात. काही इंजिनांत जाळी व्हॉल्व्हवर नसून वेगळ्या बोल्टखाली असते, ती लोक हमखास विसरतात.

बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचाच असतो. दहाचा पाना, मनगटाचा जोर पुरे. खाली ॲल्युमिनियम आहे, आटे गेले तर पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

बसवल्यावर दहा मिनिटं आयडलला ठेवून टॉर्च हातात घेऊन व्हॉल्व्हच्या बुडाशी तेल गळतंय का बघा. मग गाडी चांगली गरम होईपर्यंत, गायमुखचा चढ धरून, एक फेरी मारा आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात मागितलेला आणि प्रत्यक्ष कॅम अँगल सोबत हलतात का ते पाहा. जुना व्हॉल्व्ह मात्र दोन आठवडे भंगारात देऊ नका. बत्ती परत लागली, तर तोच पुन्हा लावून बघता येतो.