पिकअपला हवेच्या बॅगा बसवण्याआधी

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा किंवा चादरींचे गठ्ठे भरल्यावर पिकअप मागून बसते. ती उचलून धरायला मागच्या स्प्रिंगला जोड म्हणून हवेने फुगणाऱ्या बॅगा बसवतात. पण आधी टेप घ्या. सपाट जागेवर मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची रिकाम्या आणि भरल्या गाडीची मोजा. पासिंगच्या (कागदोपत्री परवानगी असलेल्या) वजनातच गाडी फार बसत असेल, तर आधी पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) तपासा. तुटलेल्या किंवा सपाट झालेल्या पाट्यावर बॅग हा इलाज नाही.

पाट्यांच्या गाडीला चासी आणि ॲक्सलच्या मध्ये बसणारी बॅग लागते. कॉइल स्प्रिंगला स्प्रिंगच्या आत बसणारी. दोन्हींची हवेची मर्यादा खूप वेगळी असते, म्हणून किटवरचा आकडाच पाळा. रिकाम्या गाडीतही साधारण 5 पीएसआय हवा ठेवाच, नाहीतर बॅग दुमडून चिमटते आणि फाटते. डाव्या-उजव्या बॅगेला वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह घ्या. एकच नळी असली की वळणावर हवा हलक्या बाजूला पळते आणि गाडी जास्त कलते.

नळी सायलेन्सरपासून लांब न्या. इथल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं: बॅगेने गाडीची उंची वाढते, वजनाची परवानगी नाही. जादा माल भरून हवा ठासली, तर भार चासीच्या एकाच जागी येतो आणि चासी वाकते. मागच्या ब्रेकला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असेल, तर बॅगा बसवल्यावर त्याची सेटिंग मेकॅनिककडून करून घ्याच. मागचा भाग उचलला गेला की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि ब्रेक कमी लागतो.