जेंटूवर पॅकेज बांधताना अडले? या चुका टाळा

जेंटूसारख्या, बहुतेक पॅकेजे आपल्याच संगणकावर सोर्स कोडपासून कंपाइल करणाऱ्या लिनक्सवर ‘इमर्ज’ ही पॅकेज बांधून बसवणारी कमांड मध्येच थांबली की बहुतेकजण पडद्यावरच्या शेवटच्या चार ओळी वाचतात आणि पहिली चूक तिथेच होते. कंपाइलची कामे एकेक करून चालवणाऱ्या ‘मेक’ने छापलेली ‘एरर १’ ही ओळ काम फसल्याचे तेवढे कळवते. ते का फसले हे बरेच वर, कधी शेकडो ओळी आधी लिहिलेले असते, कारण एक फाइल अडली तरी तिच्यासोबत सुरू झालेल्या इतर फाइल आपले काम उरकूनच थांबतात. म्हणून पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या) तात्पुरत्या फोल्डरमधील बिल्ड लॉग, म्हणजे बांधणीची पूर्ण नोंद, उघडावा आणि त्यात सर्वांत आधी आलेली ‘एरर’ शोधावी.

लॉगमध्ये ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ (सी++ कंपायलर) एकत्र दिसले, तर पॅकेज बहुधा निर्दोष असते. मेमरी संपल्यामुळे कर्नलने कंपायलरच बंद पाडलेला असतो. एका वेळच्या प्रत्येक कामासाठी साधारण २ जीबी रॅम धरावी, म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर, प्रोसेसरचे थ्रेड १६ असले तरी, एका वेळी किती कामे चालवायची ते ठरवणाऱ्या मेकऑप्ट्समध्ये ४ पुरेत.

याहून फसवा प्रकार ‘इंटर्नल कंपायलर एरर’ आणि सेगमेंटेशन फॉल्टचा, म्हणजे कंपायलर स्वतःच कोसळण्याचा. तो दर वेळी एकाच फाइलवर येत असेल, तर दोष कंपायलरमध्ये किंवा कोडमध्ये शोधावा. तीच कमांड पुन्हा दिल्यावर तो वेगळ्याच फाइलवर येत असेल, तर युज फ्लॅग (पॅकेजच्या सुविधा चालू-बंद करणारे पर्याय) बदलत बसणे व्यर्थ आहे, दोष बहुधा हार्डवेअरमध्ये असतो. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली जुनी रॅम ब्राउझर आणि सिनेमे वर्षभर बिनतक्रार चालवते, पण जीसीसी या कंपायलरसारखे मोठे पॅकेज तासन्‌तास कंपाइल होऊ लागले की तिचा दोष उघडा पडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, स्लॅबखालच्या खोलीत, कपाटात कोंबलेला कॅबिनेट असेल तर तापमानही पाहावे. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवावी. एकच एरर आली तरी ती रॅम बदलावी.

तुटलेले डिपेंडन्सी पॅकेज, म्हणजे दुसऱ्या पॅकेजला लागणारे पॅकेज, हाताने पुन्हा बांधताना ‘वनशॉट’ हा पर्याय विसरू नये, अन्यथा ते वर्ल्ड फाइलमध्ये, म्हणजे आपण स्वतः निवडलेल्या पॅकेजच्या यादीत, जाऊन बसते आणि पुढच्या अपडेटमध्ये विनाकारण अडथळा आणते. अडलेले पॅकेज बसवण्यासाठी ‘ऑटोअनमास्क’ने सुचवलेले सेटिंगमधले बदलही डोळे झाकून स्वीकारू नयेत, एका युज फ्लॅगऐवजी तिथे कधी कधी टेस्टिंग आवृत्त्यांची रांगच असते. नको असलेली पॅकेजे काढणारे ‘डेपक्लीन’ मात्र संपूर्ण वर्ल्ड अपडेट झाल्यानंतरच, आणि यादी वाचून.

इतके करूनही पॅकेज बांधले गेले नाही, तर जेंटूच्या बगझिलावर (त्रुटी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) तीच तक्रार आधी नोंदवली गेली आहे का ते पाहावे. नवी नोंद करायची असल्यास आपल्या सिस्टिमची माहिती छापणाऱ्या ‘इमर्ज इन्फो’चे आउटपुट आणि संपूर्ण बिल्ड लॉग जोडावा, मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो कोणाच्याही उपयोगाचा नसतो.