मेडिकल टाकायचंय? आधी जुन्या दुकानातून नाव काढा

डी.फार्म झालं, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, आता चोपडा, पारोळा नाहीतर शहाद्यात स्वतःचं मेडिकल टाकू, असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. फॉर्म १९ वर अर्ज, त्यावर फॉर्म २० आणि २१ ची किरकोळ विक्रीची लायसन्सं, जागा किमान १० चौरस मीटर, होलसेलही जोडायचं तर १५, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

मी अडकलो ते नावात. आधी आपण कुणाच्या तरी मेडिकलवर नोकरी करतो आणि तिथल्या लायसन्सवर आपलं नाव चढतं. नोकरी सोडली की वाटतं, विषय संपला. संपत नाही. एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) नोंदीत तुम्ही त्याच दुकानाचे फार्मासिस्ट राहता आणि नव्या दुकानाला तुमचं नाव लागत नाही. माझ्या जुन्या मालकाला दुसरा फार्मासिस्ट मिळेना. माझं नाव निघालं असतं तर त्याची विक्रीच थांबली असती, म्हणून तो "करू ना भो, पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिला. इकडे माझ्या गाळ्याचं भाडं चालू.

म्हणून राजीनामा लेखी द्या. मालकाची सही-शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत स्वतः सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयात द्या, तिथलीही पोच घ्या. तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. नाव खरंच निघालं का ते विचारून खात्री करा आणि तोवर गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. सासऱ्यांनी मुहूर्त काढला असला तरी नाही.

कुणी म्हणेल, दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने घे. असं सांगणाऱ्याला गुरू मानू नका. फार्मसी अ‍ॅक्टचं कलम ४२ नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देऊ देत नाही. पाहणीच्या दिवशी 'भाड्याचा' माणूस सुरतेला असतो आणि मग धावपळ तुमची होते. एजंटाबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. टायपिंग, नकाशा, अपलोड त्याला करू द्या, पण ऑनलाइन अर्जाच्या लॉगिनचा मोबाइल नंबर तुमचाच असू द्या.

माझा मावसभाऊ त्याच सुमारास परमिट रूमच्या मागे होता. एक्साइजचं काम ओळखीवर होतं असं त्याला वाटायचं. तिथे जागाच आधी निकाल लावते. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरची अट आली, २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना पुढे २२० झाली, नगरपालिका हद्दीला २०१७ मध्ये मोकळीक मिळाली. मुंबई-आग्रा रोडला लागून स्वस्त प्लॉट दिसला की आधी हद्द कुणाची ते बघा. त्याच्या मानाने आपलं मेडिकल सोपं, खरंच.

औषध निरीक्षकांना घाबरू नका. माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी फ्रिज उघडून पाहिला आणि लाइट गेल्यावर काय करता ते विचारलं. प्रश्न रास्तच होता. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात आणि भुसावळचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पत्र्याचा गाळा घेऊ नका, इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून ठेवा. बेबी फूड, प्रोटीन पावडर ठेवणार असाल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नपदार्थ विकण्याचं, रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स वेगळं काढावं लागतं, आणि एच-वन औषधांचं (काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी औषधं) रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. लायसन्सला आता मुदत नाही, पण दर ५ वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवायची फी, भरायची असते. ती तारीख काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.