चाळिशीनंतर पळताय? दमावर विश्वास ठेवू नका

शर्यतींतला मास्टर्स गट, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंचा गट, पस्तिशीला सुरू होतो म्हटलं की आमच्या बडोद्याच्या ग्रुपमधली पोरं हसतात. हसू देत. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने 1976 ला माँट्रियलमध्ये 10,000 मीटरचं रौप्य मिळवलं, मग त्याची काही वर्षं दुखापतींत गेली, आणि 1984 ला ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली तेव्हा तो 37 वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी रॉटरडॅमला 2:07:12 चा जागतिक विक्रम. तेव्हा वयाचं रडगाणं नको. आपल्यासारख्यांचा घात होतो तो सुट्टीनंतर परत येताना.

टेम्पो, इंटरव्हल (थांबत थांबत पळायचे वेगवान तुकडे), लाँग रन हे सरावाचे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो आणि या एकाच खड्ड्याबद्दल बोलतो, कारण मी त्यात पडलोय आणि अजूनही कडेकडेनेच चालतो.

डेंग्यू, मार्चएंड, घरातलं लग्न, काहीतरी निघतं आणि दोन-तीन महिने पळणं सुटतं. परत सुरू केलं की महिन्याभरात दम येतो. हृदय, फुप्फुसं, रक्त ही मंडळी लवकर कामाला लागतात. अकोटा-दांडियाबाजार पूल पुन्हा बोलत बोलत पार होतो, घड्याळ जुना पेस, म्हणजे वेग, दाखवतं, डोकं म्हणतं, आलो की परत! टाचेमागची जाड नस मात्र (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी), डॉक्टर जिला अकिलीस टेंडन म्हणतात, अजून तयारच नसते. तिला रक्तपुरवठा मुळात कमी. तेवढाच भार पुन्हा पेलायला तिला महिने लागतात, आणि वय वाढेल तसे जास्तच. अनुभवी पळणारा इथे नवख्यापेक्षा लवकर अडकतो, कारण त्याला जुना वेग आठवत असतो.

आणि हे दुखणं लबाड आहे. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली काही पावलं टाच आखडलेली, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पळायला लागलं की दोन किलोमीटरांत सगळं मोकळं. ‘गरम झालं की जातं, म्हणजे काही नाही,’ असं आपणच आपल्याला समजावतो. अहो, गरम झाल्यावर जाणं हेच तर त्याचं लक्षण! पळताना दुखतंय का हे बघूच नका, दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा. कालच्यापेक्षा जास्त आखडलं असेल तर आज नुसतं चाला. नस चिमटीत धरा. दुसऱ्या पायापेक्षा जाड लागली किंवा एका जागी टोचली, तर इंटरव्हल आणि चढ ताबडतोब बंद. सावकाश पळणं बहुतेकदा चालू ठेवता येतं, एवढा धीर धरा.

उपाय जुना आणि फुकट आहे. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसनने 1998 मध्ये मांडलेला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं आणि दुखऱ्या एकट्या पायावर सावकाश खाली यायचं. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, वाकवून 3 सेट, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180. जीव जातो कंटाळ्याने. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला लागून असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

रेस तोंडावर आली की कोणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतं. मलाही सुचवलं होतं, मी खुर्चीवरून उठून आलो. या नसेत ते घेतलं तर ती तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सनेही नस फाटू शकते, साठीनंतर जास्तच. जुलाब झाले की मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी आणणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. डॉक्टरांनीच दिली तर आपण पळतो हे त्यांना सांगा.

गुरू कोण करावा? माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: पंचविशीतला मेडलवाला कोच नको, आपल्याहून दहा वर्षांनी मोठा आणि अजून पळणारा माणूस शोधा. कमाटीबागेत पहाटे असे काका भेटतात. प्लॅन विचारू नका, सुट्टीनंतर ते परत कसे आले ते विचारा. कॅनडाच्या एड व्हिटलॉकने 2004 ला 73 व्या वर्षी 2:54:48 ची मॅरेथॉन पळली. त्याचा सराव म्हणजे घराजवळच्या स्मशानभूमीत तासन् तास संथ फेऱ्या. ॲपवाल्यांना हे विकता येणार नाही.

हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं ‘220 वजा वय’ हे गणित तर सोडूनच द्या, माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रविवारी ग्रुपच्या पेसला लागू नका. नंतरच्या सेव-उसळीला खुशाल जा.

आणि पंचेचाळिसावा, पन्नासावा वाढदिवस जवळ आला असेल तर घाईने रेस उरकू नका. मास्टर्स गट पाच-पाच वर्षांचे असतात. वाढदिवस होऊ द्या, मग नाव नोंदवा: नव्या गटात सगळ्यात तरुण तुम्हीच.